सल्ला हवा: नागपूरच्या रॉक कॉन्सर्टला १३ आणि ५ वर्षांच्या लेकरांना न्यावं का?

धानपट्टीची माय

नमस्कार मंडळी. आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी धानाची शेती आहे, मी अंगणवाडीत आहे. जानेवारीत नागपूरला एका हिंदी रॉक बँडचा कार्यक्रम आहे, मोकळ्या मैदानावर, संध्याकाळी. मोठी मुलगी आठवीत. त्या बँडची सगळी गाणी तिला पाठ आहेत, शाळेतल्या हार्मोनियमवर एकेक सूर शोधून वाजवत बसते. दिवाळीला कपडे नको, हे तिकीट हवं, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. धाकटा ५ वर्षांचा आहे आणि ताई जाईल तिथं त्याला जायचंच असतं.

ह्यांचं म्हणणं, न्यायचं तर दोघांनाही, नाहीतर कोणालाच नको. सासूबाई म्हणतात की तिथं पोट्टे पिऊन धिंगाणा घालतात, पोरीला कशाला नेता. मला स्वतःला न्यावंसं वाटतं, पण मी अशा कार्यक्रमाला कधी गेलेली नाही, त्यामुळे ठामपणे बोलता येत नाही.

गावात लग्नाचा डीजे दारासमोरून जातो तेव्हा लेकरं नाचतातच, मग कॉन्सर्टच्या आवाजाची एवढी भीती का? उभं राहायचं तिकीट घ्यावं की खुर्चीचं? खुर्चीचं जवळजवळ दुप्पट आहे. आणि रात्री गाडीनं परत येणं जमेल का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

हनुमाननगरची मावशी

ताई, मुलीला न्या. धाकट्याला ठेवून जा. मी माझ्या भाच्यांना अशा कार्यक्रमांना नेत आले आहे, म्हणून सांगते.

तिकिटावर संध्याकाळी ५ लिहिलं असलं तरी ज्या बँडसाठी तुम्ही जाता तो ८ च्या आधी क्वचितच येतो. त्याआधी दुसरे दोन-तीन गट वाजवतात. ५ वर्षांचं लेकरू त्या तीन तासांतच थकतं, त्याला भूक लागते, शू लागते, आणि खरा कार्यक्रम सुरू होतो तेव्हा ते रडकुंडीला आलेलं असतं. मग दोघांपैकी एकाला त्याला घेऊन बाहेर यावं लागतं. एकदा बाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी पुन्हा आत घेत नाहीत, तेही तिकिटाच्या अटींत वाचून घ्या. वयाची अटही तिथंच असते. काही आयोजक लहानांना घेतच नाहीत, काही पूर्ण तिकीट लावतात.

खुर्चीचंच घ्या. उभ्या भागात पुढचे सगळे उंच असतात. १३ वर्षांच्या मुलीला स्टेज दिसतच नाही, ती अख्खा कार्यक्रम मोठ्या पडद्यावर बघते. त्यासाठी नागपूरपर्यंत कशाला यायचं?

वडश्याचा साऊंडवाला

नमस्कार ताई. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांले साऊंड देतो, मोठ्या ऑर्केस्ट्रालेही दिला आहे. डीजेचं तुम्ही जे विचारलं त्याचं सांगतो.

वरातीतला डीजे चालत राहते. तुमच्या दारासमोर तो पाच-दहा मिनिटं असते, मग पुढच्या आळीत. कॉन्सर्टमध्ये तुम्ही एका जागी दोन-अडीच तास असता. कानाले त्रास आवाजाच्या जोरानं होते तसा वेळेनंही होते, आणि ही गोष्ट लोक धरतच नाहीत.

आता जागा कुठली घ्यायची ते पाहा. बेसचे मोठे डबे स्टेजच्या पुढं जमिनीवर मांडतात, लोखंडी कठड्याच्या अगदी समोर. तिथं छातीत धडधडते. तिथं लेकरू उभं करूच नका, कितीही हट्ट केला तरी. वर लटकवलेली बॉक्सची माळ असते ना, तिचा आवाज लांब फेकासाठीच बनवलेला असते. साध्या बॉक्सपासून अंतर दुप्पट केलं की मोकळ्यात ६ डेसिबल उतरते, या माळेचा बऱ्याच अंतरापर्यंत त्याहून कमी उतरते. म्हणून नुसतं मागं बसलो म्हणजे झालं, असं समजू नका. फार मोठं मैदान असलं की मध्येही खांबावर बॉक्स लावतात, त्याच्या बुडाशी बसू नका.

सगळ्यात साफ आवाज मिक्सरच्या मांडवापाशी. मिक्सरवाला तिथं बसून सगळं जुळवते, त्यामुळं त्याले जे ऐकू येते तेच तुम्हाले. खुर्च्या त्याच्या आजूबाजूला असल्या तर त्याच घ्या. पोरीले हार्मोनियमचा नाद आहे म्हणता, तिले तिथून गिटार, ड्रम, गाणाऱ्याचा गळा सगळं वेगवेगळं ऐकू येईन. कठड्यापाशी नुसता बेस ऐकू येते.

कान-नाक-घसा, यवतमाळ

साऊंडवाले भाऊ म्हणतात तो वेळेचा मुद्दाच मुख्य आहे. त्यात आकडे घालतो.

कारखान्यातल्या प्रौढ कामगारासाठी ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास ही मर्यादा धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. रॉकचा कार्यक्रम १०० च्या आसपास सहज असतो, पुढच्या रांगांत त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक काढलं. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना कानाचं संरक्षण मिळावं आणि शांत बसायची जागा असावी, असं आहे. आपल्याकडे प्रत्येक आयोजक ते पाळेल असं धरून चालू नका.

आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजणं, दडे बसल्यासारखं होणं हे लक्षण आहे. बहुतेकदा ते एक-दोन दिवसांत जातं, पण "गेलं म्हणजे काही झालं नाही" असं नसतं. लहान मूल तर हे सांगतही नाही. ते फक्त चिडचिड करतं किंवा कानावर हात ठेवतं.

उपाय सोपा आहे. हेडफोनसारखे दिसणारे, कान पूर्ण झाकणारे इअरमफ मिळतात, मुलांच्या मापाचेही. ते नीट बसले तर २० ते २५ डेसिबल कमी करतात, म्हणजे १०० चे ७५-८० होतात. गाणं तरीही छान ऐकू येतं. १३ वर्षांच्या मुलीला फोमचे इअरप्लगही चालतील, पण ते बोटांनी वळून बारीक करून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे, हे घरी शिकवा. पाच वर्षांच्या मुलाला प्लग नको, कानाच्या भोकात बसत नाहीत आणि तोंडात घातले तर घशात अडकू शकतात. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, आवाज फारच थोडा कमी होतो.

आणखी एक. घरात कोणाला मिरगीचे झटके येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. स्टेजवरचे भराभर लुकलुकणारे दिवे काहींना त्रास देतात.

आर्वीचा बाबा

माझं मत वेगळं आहे. मी माझ्या ६ वर्षांच्या मुलाला नेलं होतं, मागच्या खुर्च्यांवर बसलो, कानाला मफ होते. तो दोन गाणी नाचला, मग मांडीवर झोपला आणि आजही त्या रात्रीबद्दल बोलतो. झाडीपट्टीत तर रात्रभराच्या नाटकाला तान्ही लेकरं गोधडीत गुंडाळून नेतातच ना? आपण खेड्यातली माणसं लेकरांना घरी ठेवून करमणुकीला जात नाही. एकाला नेलं आणि एकाला ठेवलं तर धाकट्याच्या मनात राहतं. ताई, तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटतं.

वडश्याचा साऊंडवाला

भाऊ, नाटकाले मीच साऊंड देतो म्हणून बोलतो. नाटकात लेकरू झोपते कारण तिथं संवाद असतात, मध्ये शांतता असते, गाणं संपलं की कान मोकळे होतात. खाली सतरंजी असते, आजूबाजूला गावातलेच लोक, मामा-मावश्या. लेकरू हरवलं तर माइकवरून नाव पुकारतो आणि दोन मिनिटांत सापडते. इथं हजारो अनोळखी. तुमचं लेकरू झोपलं, चांगलं झालं, पण सगळेच झोपत नाहीत.

कान-नाक-घसा, यवतमाळ

आर्वीच्या बाबांनी मफ लावले, मागे बसले, हे बरोबरच केलं. त्यामुळे धाकट्याला न्यायचंच ठरलं तर मफशिवाय एक मिनिटही नको, आणि त्यानं मफ काढून फेकले तर तिथूनच परत, ही तयारी ठेवा. पाच वर्षांची मुलं ते काढतातच. घरी टीव्हीसमोर तासभर घालून बघा, उत्तर मिळेल.

भिवापूर रोड

परतीबद्दल कोणी बोललं नाही. मी याच नागपूर-ब्रह्मपुरी रस्त्यावर माल वाहतो. जानेवारीत रात्री ११ नंतर उमरेडच्या पुढं धुकं धरतं. धानाचे, कडप्याचे ट्रॅक्टर मागच्या लाल दिव्याशिवाय उभे असतात. भिवापूरच्या आसपास उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, पुढे नागभीड-ब्रह्मपुरीचं जंगल. रानडुकरं तर रोजचीच, आणि वाघाचं तुमच्या भागात मी काय सांगू. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री सव्वाशे किलोमीटर गाडी चालवणार आणि मागं लेकरं झोपलेली. हे करू नका. नागपुरात मुक्काम करा, सकाळी धुकं उठल्यावर निघा. तिकिटाच्या खर्चात मुक्काम धरा, आणि तो परवडत नसेल तर कार्यक्रमच पुढच्या वर्षी करा.

हनुमाननगरची मावशी

अगदी खरं. आणि मेट्रोच्या भरवशावरही राहू नका, ती रात्री १० च्या सुमारास बंद होते. मोकळ्या मैदानात १० नंतर लाउडस्पीकर बंद करण्याचा नियम आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देतं, त्यातला दिवस नसेल तर कार्यक्रम १० ला आटोपतो. पण त्या वेळी सगळेच एकदम बाहेर पडतात.

कोचीहून परतलेला

गर्दीचं म्हणाल तर एक घटना सांगतो, कारण तिच्यातून शिकण्यासारखं आहे. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी झाली, चार जण गेले. अचानक पाऊस आला आणि बाहेर थांबलेली माणसं आत घुसायला लागली. उतरत्या पायऱ्यांवर पुढचे पडले आणि मागच्यांना ते दिसलंच नाही. धोका गाण्याच्या वेळी नव्हता, दारात होता.

म्हणून दार उघडताना पुढं घुसू नका आणि संपल्यावर लगेच उठू नका. शेवटचं गाणं सुरू झालं की निघा, किंवा संपल्यावर अर्धा तास खुर्चीतच बसा. आत गेल्याबरोबर मुलीला दुसरं बाहेर पडायचं दार दाखवून ठेवा. फोनला नेटवर्क मिळत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठल्या खांबापाशी भेटायचं ते आधी ठरवा. तुमचा नंबर तिच्या हातावर पेनानं लिहा.

गडचिरोलीची सूनबाई

ताई, सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तुमच्या चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. घराघरातल्या बायांनी त्यासाठी मोर्चे काढले. आमच्या सासवांनी दारूपायी काय भोगलं ते आपल्याला माहीत आहे, त्यांची भीती तिथून येते.

पण म्हणून मुलीनं गाणं ऐकू नये, हे मला पटत नाही. खेड्यातल्या मुलीला गिटार वाजवणारी बोटं प्रत्यक्ष बघायला कधी मिळतात? शाळेत संगीताचे सर नाहीत, जवळ क्लास नाही, सगळं फोनच्या चार इंची काचेवर. जी पोरगी हार्मोनियमवर स्वतः सूर शोधते तिनं एकदा तरी पंचवीस-तीस हात लांबून ड्रम वाजताना बघावा. मला १३ व्या वर्षी कोणी असं नेलं असतं तर मी जन्मभर त्याचं नाव काढलं असतं.

सासूबाईंना असं सांगा: आई-बाप दोघंही सोबत आहोत, कुटुंबाच्या खुर्च्या आहेत, मुक्काम नात्यात आहे. आणि मुलीलाही स्पष्ट सांगा की आजूबाजूला कोणी पिऊन अंगावर आलं, कोणी हात लावला, तर लाजून गप्प बसायचं नाही, त्याच क्षणी आईला सांगायचं. नंतर तिला रागवायचं नाही.

धानपट्टीची माय

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना आणि सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. भिवापूर रोडवाल्या भाऊंचं ऐकून हे गप्पच झाले, परतीचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

ठरलं ते असं. मुलगी आणि आम्ही दोघं जाणार, मिक्सरजवळच्या खुर्च्या. धाकटा माझ्या बहिणीकडे नागपुरातच नंदनवनला राहील. तिची मुलं त्याच्याच वयाची आहेत, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिळून त्याला महाराजबागेत नेणार, ते त्याला आत्ताच सांगून टाकलंय. शेजाऱ्यांकडून मफ आणून त्याच्या कानावर घालून बघितले, डॉक्टरसाहेब, चारच मिनिटं टिकले. आर्वीच्या दादा, तो ७-८ वर्षांचा झाला की त्यालाही नक्की नेणार. सासूबाई अजून पूर्ण राजी नाहीत, पण "आईबाप दोघंही सोबत असाल तर जा" एवढं म्हणाल्या. मला तेवढं पुरे आहे.

मुलीचे मफ मागवायचे आहेत. आमच्या गावात पार्सल यायला आठवडा-दहा दिवस लागतात. आणि पाण्याची बाटली, डबा आत नेऊ देतात का?

हनुमाननगरची मावशी

मफ आजच मागवा, माप चुकलं तर बदलायला वेळ राहील. डबा बहुतेक ठिकाणी दारातच काढून घेतात, बाटलीही. म्हणून ५ च्या आधी बहिणीकडे पोटभर जेवून निघा. मोठी बॅगही नेऊ नका. छोटी पर्स, स्वेटर, कानटोपी पुरे. मैदानात जानेवारीत ९ नंतर चांगलीच थंडी पडते. टोपी मफच्या खाली नको हं, फट राहते आणि आवाज आत येतो. आधी मफ, मग वरून टोपी.