ताई, प्रमाणपत्राचा नाद सोडू नका

ताई, ‘मुलगा धडधाकट दिसतो, दिव्यांग कसा?’ असं ऐकून तुम्ही हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) दिव्यांग प्रमाणपत्राचा नाद सोडलात, हे वाचून जीव तुटला. मलाही हिमोफिलियाच आहे. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ आहेत. त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार स्पष्ट लिहिलेत. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरा. तपासणीला जाताना फॅक्टरचा (रक्त गोठवणाऱ्या घटकाचा) रिपोर्ट तर हवाच, पण मी एक वहीही नेली होती: कुठल्या सांध्यात कधी रक्तस्राव झाला, किती दिवस अंथरुणात गेले, आणि टम्म सुजलेल्या डाव्या गुडघ्याचे फोटो. डॉक्टरांनी ती पानन्‌पान चाळली. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, म्हणून वही आजच सुरू करा. अर्जात कुठे अडलात तर विचारा, मी रात्री नक्की उत्तर देईन.