मदत हवी आहे : जॉबवर्कच्या हिशेबाचे आमचे सॉफ्टवेअर बाजाराला खरोखर हवे आहे, की ते केवळ ओळखीवर चालले आहे?

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या उद्यमबागेतील मशीन शॉप (मशीनवर धातूच्या भागांना माप देणारे कारखाने) आणि फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) यांच्यासाठी आम्ही दोघा भागीदारांनी एक लहान सॉफ्टवेअर तयार केले असून, सुमारे दीड वर्षापासून ते पैसे घेऊन विकत आहोत. वीस-पंचवीस कारखाने वर्गणी भरतात, दोघांचा घरखर्च कसाबसा निघतो आणि अद्याप बाहेरचे भांडवल घेतलेले नाही. भागीदाराचे म्हणणे असे की, आता कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींसाठी विक्रीचा माणूस नेमावा आणि वेग घ्यावा. माझे मत असे की, आपले गिऱ्हाईक नेमके कशासाठी पैसे देते हेच अजून स्पष्ट झालेले नाही आणि ते होण्याआधी माणूस नेमला तर त्याने विकायचे तरी काय, हा प्रश्न राहतोच. ज्यांनी कारखानदारांना काही विकलेले आहे, किंवा स्वतः कारखाना चालवताना असे काही विकत घेतलेले आहे, त्यांच्याकडून सल्ला हवा आहे.

या व्यवसायाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. फाउंड्रीत ओतलेले बिडाचे कास्टिंग टर्निंग, ड्रिलिंग, मिलिंग अशा कामांसाठी दोन-तीन वेगवेगळ्या शॉपमध्ये फिरते (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेले हे काम म्हणजे जॉबवर्क) आणि प्रत्येक फेरीला डिलिव्हरी चलान लागते. कोणाकडे किती नग गेले, किती परत आले आणि किती शिल्लक आहेत, हा हिशेब बहुतेक ठिकाणी अजूनही स्टोअरमधल्या वहीत असतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते. त्याशिवाय जॉबवर्कला गेलेल्या आणि परत आलेल्या मालाचे आयटीसी-०४ हे विवरण भरावे लागते. वार्षिक उलाढाल ५ कोटींपेक्षा अधिक असणाऱ्यांना सहा महिन्यांनी आणि बाकीच्यांना वर्षातून एकदा. आपल्या सीमाभागात त्यात एक भर पडते. माल दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे जाणार असेल, तर त्याची किंमत ५० हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढावेच लागते. म्हणजे बेळगावच्या फाउंड्रीने टेम्पोत चार नग टाकून ते निपाणी, कोगनोळीमार्गे शिरोलीला धाडले तरी कागद पूर्ण हवेत.

आम्ही हेच दुखणे धरून सॉफ्टवेअर बनवले. चलान काढा, शिल्लक पाहा, विवरणाचा तक्ता एका क्लिकवर घ्या. मालकांना समजावून सांगणे सोपे गेले आणि सुरुवातीची गिऱ्हाइके त्यावरच मिळाली. यातले निम्मे तरी भागीदाराच्या वडिलांच्या ओळखीचे आहेत, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे भिडेने घेतलेली वस्तू आणि गरजेने घेतलेली वस्तू यांचे बिल सारखेच दिसते.

पुढे एका शॉपच्या स्टोअरकीपरने आग्रह धरला म्हणून त्यात रिजेक्शनची नोंद जोडली. ही नोंद म्हणजे काय ते जरा विस्ताराने सांगतो, कारण माझा सगळा प्रश्न तिच्याभोवती आहे. कास्टिंगवर टूल फिरल्यावर आत ब्लोहोल (ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी) निघाला तर तो नग सीआर, म्हणजे कास्टिंग रिजेक्शन. त्याचा भुर्दंड फाउंड्रीने सोसायचा. माप चुकले तर एमआर, म्हणजे मशीनिंग रिजेक्शन. तिथे शॉपवाल्याच्या बिलातून कास्टिंगची किंमत कापली जाते. अनेक ठिकाणी आजही नगावर खडूने ‘सीआर’ किंवा ‘एमआर’ लिहून तो भिंतीकडेला रचून ठेवतात. महिनाअखेरीस फाउंड्रीचा माणूस येतो, तोवर निम्म्या नगांवरचा खडू हाताळून पुसलेला असतो, आणि हे भोक आमचे नाही, तुम्ही कट जास्त घेतला, अशी हुज्जत सुरू होते. आमच्या नोंदीत ऑपरेटर नग मशीनवरून उतरवतानाच मोबाइलवर फोटो काढतो, हीट नंबर (धातू वितळवून ओतण्याच्या त्या खेपेचा क्रमांक) आणि चलान क्रमांक निवडतो आणि ती नोंद त्याच क्षणी समोरच्या फाउंड्रीलाही दिसते. फोटो चार तासांनी काढला तर समोरचा तो मानत नाही, म्हणून वेळेची नोंद बदलता येणार नाही अशी व्यवस्था केली. ऑपरेटरांत खानापूरकडचे मराठी बोलणारे आहेत तसे बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारेही आहेत. त्यामुळे पडदा दोन्ही भाषांत ठेवला आणि लिहिण्यापेक्षा चित्रावर बोट ठेवण्याची सोय अधिक केली.

आता वापराचे आकडे पाहिले तर दोन तऱ्हा स्पष्ट दिसतात. केवळ चलान आणि विवरणासाठी घेतलेल्यांपैकी बहुतेकांचा वापर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास उसळतो आणि एरवी जवळजवळ शून्यावर येतो. चलाने पुन्हा छापील पुस्तकातून फाडली जातात. याउलट ज्या सात-आठ ठिकाणी रिजेक्शनची नोंद रुजली, तिथे प्रत्येक पाळीला वापर होतो आणि त्यांतला एकही कारखाना अद्याप सोडून गेलेला नाही. मध्यंतरी एका संध्याकाळी सर्व्हर बंद पडला तेव्हा जे फोन आले ते सगळे या सात-आठांपैकीच होते, आणि ते मालकांचे नव्हते, स्टोअरकीपरांचे होते. विवरणवाल्यांपैकी कोणाला सर्व्हर बंद होता याचा पत्ताही नसावा.

भागीदार म्हणतो, सात-आठ म्हणजे काही बाजार नव्हे आणि विवरण कायद्याने सर्वांनाच लागते, तेव्हा मोठी संधी तिथेच आहे. तो वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना भांडवल देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या पॉल ग्रॅहम यांनी २०१२ साली सांगितलेल्या मोजमापाचा दाखला देतो, की आठवड्याला ५ ते ७ टक्के वाढ असेल तर ती चांगली. आमच्या संख्येवर ५ टक्के म्हणजे आठवड्याला एक नवा कारखाना, आणि तो आम्ही ओळखीपाळखीने काही महिने तरी आणूही शकू. पण आत आलेला पुढच्या एप्रिलपर्यंत लॉगिनच करणार नसेल, तर त्या वाढीला वाढ म्हणावे का, असा माझा आक्षेप आहे.

नवउद्योगांच्या वाढीचे सल्लागार शॉन एलिस यांची प्रसिद्ध चाचणीही करून पाहिली. ‘हे उद्यापासून बंद झाले तर तुम्हाला कसे वाटेल?’ असे विचारायचे आणि ४० टक्के किंवा अधिक लोक ‘फार वाईट वाटेल’ म्हणाले, तर उत्पादनाला बाजार सापडल्याची ती खूण मानायची. आमच्याकडे जवळजवळ सर्वच मालकांनी चहा पाजून ‘फार वाईट वाटेल’ असे सांगितले. या उत्तराचे काय करावे ते मला कळेनासे झाले आहे.

मागण्या तर दररोज येतात. कोणाला हजेरी हवी, कोणाला टॅलीशी जोडणी हवी, कोणाला पगारपत्रक हवे. प्रत्येक मागणी पूर्ण करत गेलो तर वर्षअखेर आम्ही सर्वांचे थोडे थोडे काम करणारे, परंतु ज्यावाचून कोणाचेच अडत नाही असे सॉफ्टवेअर विकत असू, अशी भीती वाटते.

तर मला विचारायचे ते असे. सात-आठ ठिकाणचा घट्ट वापर हा पुढे जाण्यास पुरेसा पुरावा मानावा का? विवरणासाठी आलेल्या गिऱ्हाइकांचे काय करावे : त्यांना रिजेक्शनच्या नोंदीकडे वळवावे, की आहे तसे राहू द्यावे? कोल्हापूरला आत्ता जावे का, आणि जायचे तर कसे? आणि वर्गणी ठरावीक मासिक ठेवावी, की नगांच्या किंवा चलानांच्या संख्येवर?

प्रतिसाद १ (उद्यमबागेत मशीन शॉप आहे)

तुमचे सॉफ्टवेअर मी वापरत नाही, त्यामुळे भिडेचा प्रश्न नाही. आयटीसी-०४ आमचे सीए करतात आणि त्याचे वेगळे पैसेही मागत नाहीत. ज्या कामाचे पैसे मी आज देत नाही, त्यासाठी तुम्हाला का देऊ? मात्र एमआरच्या नावाखाली माझ्या बिलातून दर महिन्याला जी रक्कम कापली जाते, ती माझ्या खिशातून जाते. त्यातली अर्धी कपात फोटो दाखवून थांबवता आली, तर तुमची वर्गणी मी मोजतही बसणार नाही. तेव्हा विक्रीला आलात तर कायद्याबद्दल बोलू नका. मागच्या तीन महिन्यांची डेबिट नोट (बिलातून कापलेल्या रकमेचा कागद) काढायला सांगा आणि तिथून बोलणे सुरू करा.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. फाउंड्री आमची गिऱ्हाईक असते. तुमच्या नोंदीमुळे ती सतत तोंडघशी पडू लागली, तर ती उद्या सांगेल की हे बंद करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. फाउंड्रीलाही यातून काही मिळाले पाहिजे. कोणत्या हीटमध्ये ब्लोहोल जास्त निघाले हे तिला त्याच दिवशी समजले, तर पुढचा लॉट ओतण्याआधी वाळूतला ओलावा किंवा धातूचे तापमान तपासता येते. महिन्याने समजून उपयोग नसतो. हे तिला दाखवा, म्हणजे ती विरोधात जाणार नाही.

प्रतिसाद २ (मूळ गाव खानापूर तालुक्यात, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत)

चाचणीबद्दल लिहितो. तो प्रश्न तुम्ही पैसे देणाऱ्याला विचारलात. वापरणाऱ्याला विचारायला हवा, आणि शक्य तर भावनेबद्दल विचारूच नये. शिवाय वीस-पंचवीस उत्तरांवर टक्केवारी काढण्यात फारसा अर्थ नाही. त्याऐवजी स्टोअरकीपरला विचारा, की मागच्या आठवड्यात शेवटची हुज्जत कशावरून झाली आणि ती कशी मिटली. तो आपणहून मोबाइल काढून तुमची नोंद दाखवू लागला तर तेच उत्तर समजा. दुसरी कसोटी पैशाची. नव्या गिऱ्हाइकाकडून वर्षाची वर्गणी आगाऊ मागा. भिडेची मर्यादा तिथे लगेच कळते.

बाजूला जोडलेले काम मुख्य कामापेक्षा मोठे ठरणे यात नवल नाही. स्लॅक हे कार्यालयीन संवादाचे सॉफ्टवेअर ज्या कंपनीतून निघाले ती ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. २०१२ मध्ये खेळ बंद पडला आणि आपसांत बोलण्यासाठी त्यांनी जे साधन केले होते तेच पुढे उत्पादन झाले. मात्र त्यांनी खेळ खरोखर बंद केला, हे विसरू नका. तुम्ही विवरणाचा भाग काढून टाकू नका, पण त्यावर नवा एक दिवसही खर्च करू नका. हजेरी आणि पगारपत्रक यांना सरळ नाही म्हणा.

प्रतिसाद ३ (गोकुळ शिरगावात फाउंड्री आहे)

आम्ही तुमच्याच सॉफ्टवेअरवर नोंद पाहतो. बेळगावच्या एका शॉपने आम्हाला लिंक पाठवली आहे. आम्ही पैसे देत नाही, परंतु आमचा क्वालिटीचा माणूस ती रोज सकाळी उघडतो. हे तुमच्या आकड्यांत दिसते का? आमची आणखी पाच-सहा शॉपना कास्टिंग जातात, त्यांतली निम्मी कोल्हापुरातच आहेत, आणि त्यांच्याकडूनही अशीच नोंद मिळावी असे आम्ही त्यांना सांगू लागलो आहोत. विक्रीचा माणूस नेमण्याआधी आमच्यासारख्या फाउंड्री किती आहेत ते मोजा आणि त्यांच्याकडे तुम्ही स्वतः या. आमच्या सांगण्यावरून शॉप जितक्या लवकर ऐकेल तितके ते तुमच्या विक्रेत्याचे ऐकणार नाही.

वर्गणी नगांवर लावू नका. नगांवर पैसे लावलेत की रिजेक्शन कमी दाखवण्याचा मोह होईल आणि नोंदीवरचा विश्वासच जाईल. मासिकच ठेवा, हवे तर मशीनच्या संख्येनुसार टप्पे करा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. गोकुळ शिरगावच्या प्रतिसादानंतर आम्ही नोंदी पुन्हा तपासल्या. लिंकवरून केवळ पाहायला येणाऱ्यांना आम्ही ‘पाहुणे’ या रकान्यात टाकून वापराच्या मोजणीतून वगळत होतो. त्या रकान्यात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या डझनभराहून अधिक फाउंड्री निघाल्या आणि त्यांतल्या काही आठवड्यातून चार-पाच दिवस येतात. हे पाहिल्यावर विक्रेता नेमण्याचा विषय भागीदाराने स्वतःहूनच बाजूला ठेवला आहे. येत्या महिन्यात आम्ही दोघे मिळून या फाउंड्रींच्या क्वालिटी विभागात जाऊन बसणार आहोत आणि हीटनुसार दोषांचा तक्ता त्यांच्यासमोरच तयार करणार आहोत. नव्या कारखान्यांना वर्गणी आगाऊच मागू.

आता एकच गोष्ट उरते, तीही येथेच विचारतो. सीआर ठरलेल्या नगावर झालेल्या मशीनिंगचा खर्च कोणी द्यायचा, याची पद्धत उद्यमबागेत शॉपगणिक वेगळी आढळते : कुठे फाउंड्री पूर्ण देते, कुठे ठरावीक टक्क्यांपर्यंतचे सीआर शॉपनेच सोसायचे असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावात याचा काय प्रघात आहे, आणि ऑर्डरवर तो लिहिलेला असतो की तोंडीच चालतो, हे तिथल्या कारखानदारांनी कृपया कळवावे. तक्त्यात हा रकाना कसा ठेवायचा ते त्यावर ठरेल.