सान हुआनचं जुनं शहर: आईबाबांसोबत चार दिवस, तेही शाकाहारी

जर्सीकर:
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून पोर्तो रिकोला, सान हुआनच्या जुन्या शहरात जातोय. सोबत आईबाबा, सत्तरीचे, व्हिजिटर व्हिसावर. बाबांना गुडघ्यांचा त्रास. आम्ही दोघं एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा). पासपोर्टातला व्हिसा संपलाय, आय-७९७ (मुक्कामाच्या मंजुरीचा कागद) चालू आहे. अडचण येईल का? एल मोर्रो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एका दिवसात होतात का? गाडी घ्यावी का? आणि मांस, मासे, अंडं वर्ज्य असेल तर जेवायचं काय?

सागरगोटा:
थेट विमान घ्या. पोर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यात, म्हणून देशांतर्गत प्रवास आहे, उतरल्यावर इमिग्रेशन नाही. परतताना मात्र विमानतळावर कागद विचारू शकतात. चौघांचे पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि तुमचं आय-७९७ हँडबॅगेत ठेवा. घोळ होतो तो स्वस्त मिळालं म्हणून सान्तो दोमिंगोवरून (डोमिनिकन रिपब्लिक) जाणारं तिकीट काढलं की. तिथे तुम्ही अमेरिकेबाहेर पडता, मग परत शिरायला चालू व्हिसाच लागतो. सान हुआनहून परदेशी बंदरांना जाणाऱ्या क्रूझचंही तेच.

सान हुआनहून निघताना चेक-इनच्या आधी सामान शेतीखात्याच्या तपासणीतून न्यायचं असतं. रांग धरून वेळ ठेवा. ताजे आंबे तिथेच राहतात.

हिवाळ्यात तिथलं घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असतं.

बुरुजबंद:
एका तिकिटात दोन्ही किल्ले, १६ वर्षं आणि त्यावरच्यांना १० डॉलर. पावती जपा. पण बाबांचे गुडघे बघता एका दिवसात दोन्ही नकोत.

एल मोर्रो (बांधकाम १५३९ पासून) सकाळी उघडताच गाठा. रस्त्यापासून दरवाजापर्यंत हिरवळीतून बरंच चालायचं आहे, झाड एकही नाही. आत सहा पातळ्या, मध्ये तीव्र उतार. बाबांनी वरच्या चौकातच थांबावं. समुद्र आणि टेहळणीच्या गरीता (तटावरच्या छोट्या चौक्या) तिथूनही छान दिसतात. सान क्रिस्तोबाल दुसऱ्या दिवशी. मोठा तोच आहे आणि भुयारंही तिथलीच बघण्यासारखी. मधलं अंतर साधारण दीड किलोमीटर, टॅक्सी करा.

तटाखालून समुद्रालगत जाणारी वाट सान हुआन दरवाजापासून निघते. ती किल्ल्यात चढत नाही, आलात तसंच परत फिरायचं. पुष्कळजण इथे फसतात.

आणि चपला! रस्त्यावरच्या निळसर विटा लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या आहेत. सर आली की शेवाळलेल्या घाटासारख्या निसरड्या. रबरी तळव्याचे बूट घाला.

जुन्या शहरात गाडी म्हणजे डोक्याला ताप: एकेरी अरुंद गल्ल्या, बहुतेक पार्किंग रहिवाशांचं. गावाबाहेर जायचं त्या एका दिवसापुरती घ्या.

फोडणीपुरतं_हिंग:
तिथला 'गांदुलेस' म्हणजे आपले ओल्या तुरीचे दाणे. त्यांचा भात बघून जीव हरखतो, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. राजम्यासारख्या उसळीतही हॅमचे तुकडे टाकतात. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाविना) म्हणू नका. 'कार्ने' म्हणजे तिथे अनेकदा फक्त लाल मांस, मग कोंबडी येते. 'सिन हामोन, सिन पोयो, सिन पेस्कादो' (हॅम, कोंबडी, मासे नकोत) असं एकेक नाव घ्या.

मोफोंगो: तळलेलं कच्चं केळं लसणीसोबत लाकडी खलात कुटतात. 'सिन चिचार्रोन' सांगा, नाहीतर डुकराच्या तळलेल्या कातडीचा चुरा आत जातो. सोबतचा रस्साही कशाचा ते विचारा. तोस्तोनेस (कच्च्या केळ्याचे तुकडे तळून, चेपून, पुन्हा तळलेले) चालतील, फक्त तेल वेगळं आहे का ते बघा. मायोर्का पावात आणि फ्लान या कस्टर्डमध्ये अंडं असतं. तेंब्लेके मात्र नारळाचं दूध, कॉर्नफ्लोअर, साखर, दालचिनी, बस्स. पिरागुआ म्हणजे आपला बर्फाचा गोळा, चिंचेचा घ्या.

जर्सीकर:
स्वयंपाकघर असलेली जागा घेतली तर?

सागरगोटा:
उत्तम. पण बुकिंगआधी दोन गोष्टी लेखी विचारा: 'प्लांता' (जनरेटर) आणि 'सिस्तेर्ना' (पाण्याची टाकी) आहे का. वीज बेभरवशाची आहे. मजला आणि लिफ्टही विचारा. जुन्या घरांत जिने उंच असतात.