बुद्धिबळाचा एक संच: संग्रहालयाच्या डेटाबेसमध्ये नोंद एक की चौतीस?

तीन मतांचा हा वाद: सुट्या भागांना पोटक्रमांक द्यायचे, संचाची एकच नोंद करायची, की म्यानासारख्या भागाला स्वतःची पूर्ण नोंद द्यायची?

पोटक्रमांक:
माझं मत सरळ आहे. जो भाग वस्तूपासून सुटा होतो आणि दुसऱ्या जागी ठेवता येतो, त्याला पोटनोंद, म्हणजे मूळ नोंदीखाली स्वतःची छोटी नोंद, हवीच. बुद्धिबळाचा संच घ्या: ३२ मोहरे, एक पट, एक पेटी. दाखल क्रमांक १९८४.१७.५ (वर्ष, त्या वर्षातली खेप, खेपेतली वस्तू) असेल, तर भाग १९८४.१७.५.०१ ते .३४. एकच नोंद करून ‘भाग: ३४’ लिहिलं आणि दोन मोहरे प्रदर्शनाच्या कपाटात गेले, की काय करणार? जागेचा रकाना एकच. तो बदलला तर ३२ भागांची जागा चुकते, नाही बदलला तर दोन भागांची.

एकनोंदी:
आणि ३४ ठिकाणी तेच वर्णन चिकटवलं की पुढे काय होतं? तपासणीत ‘हस्तिदंत’ म्हणून नोंदलेलं साहित्य हाड निघतं. मूळ नोंद दुरुस्त होते, पोटनोंदी तशाच राहतात. शोधलं तर दोन्ही उत्तरं मिळतात. संच परदेशी पाठवायचा असेल तर परवान्याच्या अर्जात कोणतं लिहायचं? हस्तिदंत आणि हाड यांचे नियम एक नाहीत. शिवाय मोजणीत एका संचाच्या ३५ वस्तू होतात, कारण मूळ नोंदही मोजली जाते.

पोटक्रमांक:
वर्णन चिकटवा असं मी म्हटलेलंच नाही. पोटनोंदीत क्रमांक, भागाचं नाव, माप, स्थिती, जागा, फोटो. बस. बाकी सगळं मूळ नोंदीत, एकदाच. टीएमएस या संग्रहालयांच्या सॉफ्टवेअरमधली घटकांची सोय साधारण अशीच आहे: वर्णन वस्तूला, जागा घटकाला. मोजणीसाठी ‘मोजणीत धरा: हो/नाही’ असा एक रकाना पुरतो.

म्यान:
तलवार आली की ही सोय कोलमडते. पातं एका काळातलं, मूठ नंतर बदललेली, म्यान आणखी तिसऱ्याच कारागिराचं. म्यानाला स्वतःचा काळ, साहित्य आणि कर्ता लागतो. सहा रकान्यांच्या पोटनोंदीत ते कुठे बसवणार? साठवणही वेगळी. गंजू लागलेल्या लोखंडाला कोरडी हवा लागते, त्याच हवेत म्यानाचं चामडं आक्रसतं आणि लाकूड तडकतं. म्हणून दोन पूर्ण नोंदी करा आणि त्या ‘चा भाग आहे’ या संबंधाने जोडा. सीडॉक सीआरएम या संग्रहालयांच्या माहितीसाठीच्या मानकात पी४६ हा संबंध (‘यांनी बनलेले आहे’) त्यासाठीच आहे.

एकनोंदी:
तलवारीपुरतं मान्य. पण एकाच रंगाची आठ सारखी प्यादी? त्यातलं .११ कोणतं आणि .१२ कोणतं, हे क्रमांक पुसला गेला की कुणालाच सांगता येणार नाही. आणि थांबायचं कुठे? फुटलेल्या बरणीच्या १९ ठिकऱ्यांनाही पोटक्रमांक द्यायचे का?

पोटक्रमांक:
फुटल्याने नवे भाग होत नाहीत. ठिकऱ्या एका डब्यात, मूळ क्रमांकाखाली. संख्या आणि तारीख स्थितीच्या नोंदीत. कारागिराने जे सुटं बनवलं तेवढाच भाग: झाकण, किल्ली, मूळ पेटी. आपण साठवणीसाठी केलेलं खोकं नाही. प्याद्यांचं म्हणाल, तर क्रमांक बुडाच्या खाली घाला आणि प्रत्येकाची उंची व वजन नोंदवा. हाताने कोरलेली आठ प्यादी तंतोतंत सारखी क्वचितच भरतात.

क्रमांकाबद्दल एक, कारण हा घोळ हमखास होतो. पोटक्रमांकाला इंग्रजी अक्षरं नकोत: छोटा एल एकासारखा दिसतो, ओ शून्यासारखा, आणि २६ नंतर अक्षरंच संपतात. अंक वापरा, पण दोन आकडी. नाहीतर मजकुराच्या रकान्यात .१० हा .२ च्या आधी येऊन बसतो.

म्यान:
हरवलेल्या भागाचं राहिलं. दाखल होतानाच प्यादं नसेल तर त्याला क्रमांक नाही, मूळ नोंदीत ‘अपेक्षित ३४, हाती ३३’. दाखल झाल्यावर हरवलं तर क्रमांक आणि नोंद दोन्ही राहतात, स्थिती ‘सापडत नाही’. तो क्रमांक दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. नाहीतर पुढे ते प्यादं कपाटामागे सापडतं आणि एका क्रमांकाच्या दोन वस्तू होतात.

एकनोंदी:
माझा हट्ट आता सारख्या आणि कायम एकत्र राहणाऱ्या भागांपुरताच. पुठ्ठ्यावर शिवलेली १२ बटणं: एक नोंद, संख्या १२.

पोटक्रमांक:
शिवलेली आहेत तोवर चालेल. पण उसनवारीच्या पावतीवर ‘१ वस्तू’ लिहू नका, ‘१ पुठ्ठा, १२ बटणं’ लिहा. ११ परत आली, तर ‘१ वस्तू’वाली पावती तरीही बरोबरच ठरते.