बाजारभावाच्या टेक्स्टचं जेसॉन: आकडे बदलायचे की छापलेत तसेच ठेवायचे?

खटपट्या:
बाजार समितीचे कांद्याचे रोजचे भाव आमच्याकडे साध्या टेक्स्ट फाईलमध्ये येतात. नमुन्याची ओळ अशी:
पिंपळगाव बसवंत क्विंटल ९,४०० ७०० १,८५० १,५००
बाजाराचं नाव, परिमाण, आवक, मग किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने याचं जेसॉन (प्रोग्रामांमध्ये माहिती देण्याघेण्याचा मजकुरी साचा) करताना आकड्यांना हात लावू नये, सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणूनच जाऊ द्यावं, असं माझं म्हणणं. अर्थ लावायचं काम वापरणाऱ्याचं.

उंटावरचा:
अजिबात पटलं नाही. स्ट्रिंग ठेवून भाव उतरत्या क्रमाने लावून बघा. ९०० वर, १,८५० खाली! मग जो तो आपापलं इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावत बसणार, दहा जण दहा तऱ्हेने. पायथनचं इंट देवनागरी आकडे बिनतक्रार घेतं. अडतं ते फक्त स्वल्पविरामाला, तिथे व्हॅल्यूएरर येऊन कोड थांबतो. स्वल्पविराम काढणारं एक रिप्लेस लिहायला काय जातं?

खटपट्या:
रिप्लेसचं काही नाही हो. आवकच नसते त्या दिवशी '--' येतं, त्याचं काय? लोक बिनधास्त शून्य भरतात. मग आठवड्याची सरासरी कोसळते आणि कांदा फुकट वाटला असं दिसतं.

उंटावरचा:
ती शून्य भरणाऱ्याची चूक. तिथे नन (पायथनमधलं 'काहीच नाही') द्या, जेसॉनमध्ये त्याचं नल होतं. फ्लोटचा, म्हणजे दशांश संख्यांमधला नॅन ('संख्या नाही' अशी खूण) मात्र देऊ नका. पायथन तो मुकाट लिहून टाकतं, पण जेसॉनच्या नियमात तो बसत नाही आणि ब्राउझरचा जेसॉन वाचणारा पार्सर तिथेच मान टाकतो. आणि हो, समितीचा फोन नंबर स्ट्रिंगच. ०२० चं इंट केलं की सुरुवातीचं शून्य गेलं.

रेघोट्या:
तुम्ही आकड्यांवर भांडताय, इथे ओळच धड तुटत नाहीये. मोकळ्या जागेवर ओळ तोडणाऱ्या साध्या स्प्लिटने लासलगावच्या ओळीचे सहा तुकडे, पिंपळगाव बसवंतच्या ओळीचे सात. म्हणून रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) घेतलं, तर त्यातल्या अक्षर-आकडे शोधणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यूने लासलगावचं 'ल', 'सलग', 'व' करून ठेवलं. काने गायब!

उंटावरचा:
पायथनचं रेजेक्स चालवणारं री मॉड्यूल काना-मात्रेला अक्षरात धरत नाही. इथे रेजेक्स हवंच कशाला? आरस्प्लिट घ्या, मॅक्सस्प्लिट ५. उजवीकडून पाचदा तोडलं की डावीकडे उरेल ते नाव, दोन शब्दांचं असो की चार.

खटपट्या:
हे झकास. पण आकडे करणारच असाल तर मूळ ओळ 'कच्ची_ओळ' अशा वेगळ्या कीखाली (जेसॉनमधल्या नोंदीच्या नावाखाली) ठेवा. उद्या कमाल दर किमानपेक्षा कमी दिसला, तर घोळ छापणाऱ्याचा की तुमच्या कोडचा हे कशावरून ठरवणार?

उंटावरचा:
फाईल दुप्पट होईल.

रेघोट्या:
डम्प करताना, म्हणजे जेसॉन लिहिताना एन्शुअर-आस्की (इंग्रजीबाहेरची अक्षरं संकेतात बदलणारा पर्याय) फॉल्स, म्हणजे बंद केलंय का? नसेल तर तशीही फुगलेलीच आहे. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत तीन बाइटचं देवनागरी अक्षर एस्केप होऊन, म्हणजे संकेतात बदलून सहा बाइट खातं. तिथे वाचवा आणि कच्ची ओळ ठेवा की.

उंटावरचा:
बरं, ठेवतो. पण कुणी त्या कच्च्या ओळीतूनच सरासरी काढायला गेलं, तर माझ्याकडे यायचं नाही.