इन्सुलिनची चूक झाली. मावश्यांना इंजेक्शनची बंदीच करू का?

जीएनएम_नाशिक
सतरा वर्षं वॉर्डात काढून मी घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांचा छोटा ब्युरो काढला. १४ जणी, बारा-बारा तासांची ड्युटी. गेल्या महिन्यात इंदिरानगरच्या एका आजोबांची शुगर पहाटे ४८ पर्यंत घसरली! दरदरून घाम, बोलणं अडखळलेलं. साखरपाणी पाजलं, मग दवाखाना. वाचले.

झालं असं, मेडिकलमध्ये इन्सुलिनची नेहमीची ४० ची (एका मिलीत ४० युनिट) बाटली नव्हती, मुलाने १०० ची (एका मिलीत १०० युनिट) आणली. घरात सिरिंजा लाल टोपणाच्या, म्हणजे ४० च्याच. रात्रीच्या मावशीने रोजच्यासारखं २० च्या रेघेपर्यंत भरलं. म्हणजे अर्धा मिली. २० ऐवजी गेलं ५० युनिट.

अटेंडंटने इंजेक्शन द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. कागदावर. पण रोज दोनदा नर्स कुणाला परवडते? घरचे म्हणतात, "मावशी, तेवढं टोचा ना," आणि मी कानाडोळा करते. आता आजोबांच्या घरचे म्हणतात त्या मावशीला काढा. मी काढलेलं नाही. ड्युटी बदलताना लिहायची वही आहे, तिच्यात नव्या बाटलीचा शब्द नाही. काय बदलू?

निवृत्त_सिस्टर
बंदी केलीस तर चोरून टोचतील. १०० ला केशरी टोपण, ४० ला लाल, दोन्ही टोपणं प्रत्येक फ्रिजवर चिकटव. मावशीने भरण्याआधी घरातल्या कुणीतरी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचायचा. परवडत असेल त्यांना इन्सुलिनचं पेन घ्यायला लाव, त्यावर युनिटच दिसतात. फक्त पेनचं कार्ट्रिज, म्हणजे आतली इन्सुलिनची नळी, सिरिंजने उपसू देऊ नकोस, तीही बहुतेक १०० चीच.

पेशंटचा_मुलगा
वहीवर फार भिस्त ठेवू नका. आमच्या आईची दर दोन तासांनी कूस बदलायची होती. वहीत ८, १०, १२, २ सगळं चोख, एकाच शाईत, एका दमात लिहिलेलं. माकडहाडावरचा लाल चट्टा मात्र बोटाने दाबला तरी फिका पडेना, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. फेरीला गेलात की आधी पाठ बघा.

बारातासवाली
ताई, मी हेच काम करते, दुसऱ्या शहरात. रात्रीची बाई आठला येते, माझी बस आठ दहाची. चपला घालता घालता जेवढं सांगून होईल तेवढंच सांगते. ती चुकली की पुढची पावणेनऊला. त्या वेळेचे पैसे ब्युरो देत नाही, घरचे तर नाहीच. बाटली बदलली हे दिवसवालीला माहीत असेलही, तिला विचारलंत का?

जीएनएम_नाशिक
विचारलं आत्ता फोन करून. माहीत होतं. दारातच "औषध नवीन आणलंय" एवढं सांगून निघाली होती.

टोपणांचं आजच करते. अदलाबदलीच्या पंधरा मिनिटांच्या पैशांचा हिशोब मांडून बसलेय. दर वाढवला की दोन घरं सुटतील, कोणती तेही ठाऊक आहे.