अपघाताच्या अहवालावर खोटी सही मागताहेत, मदत हवी आहे

नमस्कार. मी सिव्हिल डिप्लोमा, पिंपरी-चिंचवडमधल्या एका टॉवरच्या साइटवर तीन वर्षं साइट इंजिनिअर आहे. 2025 च्या दिवाळीआधी आठवडाभर आमच्या सेंटरिंगच्या टोळीतले एक काका सहाव्या स्लॅबच्या डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) दोन मजले खाली पडले. वय चाळीस, गाव नांदेडकडचं. कमरेखाली अजून काही हलत नाही.

डक्टच्या तोंडावर प्लायचा तुकडा नुसता टाकलेला होता. खिळा नाही, कठडा नाही, खाली जाळी नाही. काका स्पॅन (स्लॅबखाली लावायची लोखंडी तुळई) ओढत उलटे सरकत होते, पाय प्लायवर पडला आणि प्लायसकट गेले. बेल्ट अंगावर होता. तो मीच या हातांनी सोडवला. हूक मात्र मोकळा, कारण अडकवायला लाइफलाइनच बांधलेली नव्हती. तिचा दोर मी दोनदा व्हॉट्सॲपवर मागितला होता, ते मेसेज आहेत.

आता मॅनेजर म्हणतात, अहवालात लिही, 'कामगाराने बेल्ट स्वतःहून काढला होता'. टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी सुरक्षेच्या सूचना देतात त्या बैठकीच्या) रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या पानावर काकांचा अंगठा आलाय. काका अंगठा लावतच नाहीत हो! मस्टरवर पूर्ण नावाची सही करतात, सावकाश, शिरोरेघ ओढून. लेबर काँट्रॅक्टर 60 हजार आणि स्टॅम्प पेपर घेऊन दवाखान्यात जाऊन आला. काकू मला फोन करून विचारतात, "सायेब, करू का सही?"

1996 चा बांधकाम कामगार कायदा वाचला. सुरक्षेचे नियम मोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत गंभीर दुखापतीला किमान 2 लाख दंड आहे, आणि त्यातला निम्मा तरी जखमीला द्या असं कोर्ट सांगू शकतं. आमचा अपघात त्याआधीचा. मग जुनाच दंड का? आणि काकूंना मी काय सांगू? नोकरीची भीती वाटते, पण ते वाक्य माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

प्रतिसाद

दंड अपघाताच्या दिवशी जो कायदा होता त्याचाच, त्यामुळे त्यात अडकू नका. काकूंसाठी महत्त्वाचा आहे अपघाताच्या वेळी लागू असलेला 1923 चा भरपाई कायदा. कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं असेल, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी दुखापतींना मालक भरपाई नाकारू शकतो. तुमच्याकडून ते वाक्य त्यासाठीच हवंय. काकांचं अपंगत्व उद्या 'अंशतः' ठरलं, तर तुमच्या एका सहीने सगळं जाईल.

स्टॅम्प पेपरवर हक्क सोडून दिला तरी कलम 17 प्रमाणे तो करार रद्दबातल असतो. काँट्रॅक्टरने हात वर केले तरी कलम 12 खाली मूळ बिल्डरकडे मागता येतं. अपंगत्व पूर्ण ठरलं तर हिशेब असा: महिन्याचं वेतन 15,000 धरायचं (यापेक्षा जास्त धरत नाहीत), त्याचे 60 टक्के, गुणिले चाळिशीचा गुणांक 184.17. साडेसोळा लाखांच्या वर जातं. कुठे 60 हजार! अर्जाला मुदत अपघातापासून दोन वर्षं. वकिलासाठी काकूंनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, महिलांना तिथे तो मोफत मिळतो.

तुम्ही आजच रजिस्टरच्या त्या पानाचे आणि मस्टरवरच्या जुन्या सह्यांचे फोटो घ्या. स्वतःचा अहवाल जसं घडलं तसा लिहून ईमेलने पाठवा, तारखेसकट.

धागाकर्ता

मनापासून आभार. काकूंना फोन केला, सही करणार नाहीत. मस्टरचे फोटो मिळाले. रजिस्टर मॅनेजरच्या कपाटात आहे, सकाळी सात वाजता स्टोअरकीपर उघडतो, तेव्हा जातो. दोर मागितल्याचे मेसेज कोर्टात चालण्यासाठी फोनमध्ये नेमके कसे जपून ठेवायचे, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.